शेरा : सून माहेरी

म्हैसूर,
१२ मे १९९७

वेंकोबाराव,

पाकिटाच्या मागे मी माझं नाव घातलेलं नाही. घातलं असतं तर तुम्ही ते पोस्टमनच्या हातातच परत दिलं असतं. मी पद्मनाभची धाकटी बहीण तुंगा. तुमच्या बहिणीची, अंबुजावैनीची, नणंद. एवढं कळूनही तुम्ही पुढे वाचत असाल तर उपकार आहेत.

मराठीत लिहिते आहे, कारण वैनी सांगायची की भजनाच्या वहीमुळे आमच्या वेंकोबाअण्णाला बाळबोध वाचता येतं, लिहायला मात्र कन्नडच लागतं. उत्तर कन्नडात चालेल. कन्नडात लिहिलं असतं तर हे पत्र माझ्या ऑफिसातून आल्यासारखं वाटलं असतं, तेही मला नको होतं. पण मागणं ऑफिसचंच आहे.

मी एका संशोधन संस्थेत काम करते. आजारपणात कुणाच्या घरातून किती पैसे जातात, कुणाला उपचार मिळतात, कुणाला मिळत नाहीत आणि का, हे आम्ही घरोघर जाऊन विचारतो. गेल्या वर्षी म्हैसुरातल्या जुन्या वस्त्यांतली चारशे बारा घरं पाहिली. त्यात आमची रंगाऱ्यांची गल्लीही होती आणि चिठ्ठ्या टाकताना आमचं घरही निघालं. पहिला अहवाल गेल्या जूनमध्ये दिला. पक्का अहवाल येत्या ऑक्टोबरात जाईल. एक धर्मादाय निधी आहे, तो या अहवालावरून ठरवतो की मदत कोणत्या रुग्णांना द्यायची.

वैनीचा आजार त्या अहवालात नाही. आमच्या पाहणीत एक नियम आहे. जे माणूस सहा महिन्यांहून अधिक घराबाहेर राहिलं, ते त्या घरचं धरत नाहीत. आमच्या घरी विचारायला आले तेव्हा वैनीला तुमच्याकडे येऊन सहा महिने होऊन गेले होते. सोसले गाव आमच्या यादीत नव्हतं. म्हणून तिच्यावर झालेला खर्च ना आमच्या घरात लिहिला गेला, ना तुमच्या. यात कुणाचा दोष नाही, नियमच तसा आहे. पक्क्या अहवालात मी निदान तळटीप म्हणून ती गोष्ट घालू शकते. त्यासाठी मला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं, बेंगळूरला नेलं असेल तर त्याचे कागद, जे काही असेल ते हवं आहे. पाहून परत पाठवीन.

देण्याघेण्याशी याचा संबंध नाही. कृपा करून तसं समजू नका.

आमच्याकडे सगळे बरे आहेत.

तुंगा


८ जून १९९७

वेंकोबाराव,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. मी पत्र लिहिताना कच्चा मसुदा करते, तो काल पुन्हा वाचला. वैनीला जाऊन तीन महिने झाले होते आणि मी तुमच्या आईंची चौकशीही न करता बिलं मागितली होती. वर ‘आमच्याकडे सगळे बरे आहेत’ असं लिहिलं. लाज वाटली.

तुम्हाला वाटत असेल, हिला वैनीची कधी ओळख तरी होती का. होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अण्णाने, म्हणजे पद्मनाभने, एसएसएलसीनंतर शिक्षण सोडून हूटगळ्ळीच्या कारखान्यात नोकरी धरली म्हणून मला जाता आलं. माझी पुस्तकं घरात सगळेजण लांबून बघायचे, देवाच्या ताटासारखी. हात लावला तो वैनीने. १९९५च्या जुलैत मला फॉर्म विचारायचं शिक्षण चालू होतं. एकतीस प्रश्न, ते पाठ करून कुणालातरी विचारून सराव करा असं आम्हाला सांगितलेलं. मी वैनीला विचारायची. ती भाजी निवडत असायची. ‘गेल्या तीस दिवसांत घरात कुणाला ताप, खोकला?’ म्हटलं की म्हणायची, ‘तुझ्या आईला राग आलाय, तो लिहायचा कुठल्या रकान्यात?’ नळ आहे का, तर म्हणे, ‘नळ आहे बाई, पाण्याला वेळ नसतो.’ महिन्याभरात तिला माझ्याआधी प्रश्न पाठ झाले. मी एकविसावा गाळला तर ती आठवण करून द्यायची.

सहा महिन्यांचा नियम तिला मीच सांगितला. तिने हातातली शेंग बाजूला ठेवली. सहा महिने आणि वर एक दिवस झाला तर नाव जातं का, असं विचारलं. जातं, म्हटलं. ती हसली.

‘मग बाईने माहेरी जाताना पिशवीत क्यालेंडर घालून न्यावं.’

तेव्हा तिला जिने चढताना दम लागायला लागला होता. ती मध्येच थांबायची आणि दाखवायची अशी की खिडकीतून काहीतरी बघते आहे. मी पाहिलं होतं. आरोग्याच्या पाहणीचं शिक्षण घेत होते, आणि घरातली बाई पाचव्या पायरीवर थांबते हे मला दिसूनही मी विचारलं नाही, कारण तो सराव होता आणि सरावात खरी उत्तरं लिहायची नसतात.

ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झाली आहे, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यावं लागेल, आणि पुढे बेंगळूरला नेऊन झडप उघडावी लागेल. दोन वर्षांपूर्वी गर्भ टिकला नव्हता तो यामुळेच असेल. आईने त्यातून एकच अर्थ काढला, की मुलगी आजारी होती आणि तुम्ही ते लपवून दिली. गौरीच्या सणाला तुम्ही वैनीला न्यायला आलात तेव्हा आईने ओटीत नारळ घातला आणि तुम्हाला म्हणाली, ‘सण होऊ दे. घाई नाही. बरी करून पाठवा.’

मी वैनीची पिशवी दारापर्यंत आणून दिली. आमच्या गल्लीत ही रीत आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. सून आजारी पडली की माहेरी. बाळंतपण माहेरी, कावीळ माहेरी, वेड लागलं तरी माहेरी. बरी झाली की सासरची. मला ते कधी वाईट वाटलं नव्हतं, माझ्या आईलाही तसंच धाडलं होतं.

फेब्रुवारीत सोसल्याला आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. अण्णा तुमच्या अंगणात उभा होता आणि तुम्ही त्याला जे म्हणालात ते मी रोज ऐकते. ‘बरी करून पाठवायला सांगितलं होतं. आता कुठे पाठवू?’

आईंना नमस्कार सांगा. सांगावासा वाटला तर.

तुंगा


२९ जून १९९७

वेंकोबाराव,

तुमचं पाकीट पोचलं. आत तुमचा एक शब्दही नव्हता. फक्त निधीने तुम्हाला पाठवलेलं पत्र, नोव्हेंबर १९९६चं.

तुम्ही तिथे अर्ज केला होता हे मला माहीत नव्हतं. बेंगळूरचा खर्च तुम्हाला एकट्याला झेपणार नव्हता म्हणून म्हैसुरात येऊन, रांगेत बसून, वैनीच्या नावाने अर्ज दिलात. आमच्या घरापासून ते ऑफिस चालत दहा मिनिटं आहे. तुम्ही आमच्याकडे आला नाहीत.

त्या पत्रात नकाराचं कारण टाइप केलं आहे. या वस्त्यांतील स्त्रियांचा रुग्णालयीन खर्च नगण्य असून त्यांची गरज मुख्यतः बाळंतपणापुरती दिसते, त्यामुळे दीर्घ आजारांसाठीची मदत कमावत्या पुरुषांसाठी व मुलांसाठी राखून ठेवली आहे.

हे वाक्य मी लिहिलेलं आहे.

पहिल्या अहवालात, पान एकोणीस. पुरुष आणि स्त्रिया यांच्या खर्चाचा तक्ता होता. पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या स्त्रियांचा खर्च पुरुषांच्या पाचव्या हिश्शाहून कमी येत होता. आमचे प्रमुख नरसिंहमूर्ती सर म्हणाले, तक्त्याखाली दोन ओळी लिही, असं का दिसतं ते. मी विचार केला, आणि मला जे दिसलं ते लिहिलं. ‘नगण्य’ हा शब्द शोधायला वेळ लागला होता. इंग्रजीत तो चांगला वाटला. सरांनी त्यावर काही खूण केली नाही म्हणून मला आनंद झाला होता. घरी येऊन अप्पांना ते पान दाखवलं. अप्पांना इंग्रजी येत नाही. पन्नास वर्षं रंगाच्या कढयांत घातलेली त्यांची बोटं अजून निळसर आहेत, त्या बोटांनी त्यांनी माझं छापलेलं नाव नुसतं चाचपलं.

वैनी तेव्हा तुमच्या घरी उशाला तीन उशा लावून झोपत होती. तक्त्यात ती नव्हती, म्हणून खर्च कमी आला. खर्च कमी आला म्हणून मी ते वाक्य लिहिलं. ते वाक्य तुमच्या हातात दिलं गेलं.

हे पत्र तुम्ही मला का पाठवलंत, माहीत नाही. मी कागद मागितले म्हणून पाठवलंत की तुम्हाला आधीच कळलं होतं? नसेल कळलं तर आता कळलं. मला न सांगता राहता आलं असतं, हेही लिहून ठेवते.

तुंगा


३ ऑगस्ट १९९७

वेंकोबाराव,

मी तुम्हाला पहिल्याच पत्रात खोटं लिहिलं. ते दुरुस्त केल्याशिवाय पुढचं काही लिहिता येत नाही.

आमच्या घरी विचारायला आमच्या ऑफिसातली सीतालक्ष्मी आली होती, १५ फेब्रुवारी १९९६ला. स्वतःच्या घरी स्वतः विचारायचं नसतं. मी आत कॉफी करत होते. आईने सांगितलं, घरात चार माणसं, सगळी धडधाकट, सून माहेरी. सीतालक्ष्मी कामाला चोख आहे. तिने विचारलं, कधीपासून? आई म्हणाली, गौरीच्या सणापासून. तिने बोटांवर मोजलं आणि लिहिलं, पाच महिने वीस दिवस. म्हणजे वैनी आमच्या घरातली होती. नियमाप्रमाणे होती. तिचं नाव पाचवं यायला हवं होतं आणि तिच्या आजाराचे सगळे प्रश्न विचारायला हवे होते. तेवढ्यात आईने विषय बदलला, सीतालक्ष्मीला हळदीकुंकू लावलं आणि ती तो भाग अर्धा ठेवून गेली. कोपऱ्यात शेरा लिहिला, ‘सून माहेरी, पुन्हा विचारणे.’

दुसऱ्या दिवशी फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे होतं. दोनशे चौदावा फॉर्म माझ्या टेबलावर आला. सीतालक्ष्मी पुन्हा गेली असती तर आईला बोलावं लागलं असतं की आजारी म्हणून परत पाठवली. सीतालक्ष्मीने ते ऑफिसात आणलं असतं. मी तिथे समतेवर बोलणारी मुलगी होते. सर पाहुण्यांना सांगायचे, ही आमची तुंगा, रंगाऱ्यांच्या घरातली पहिली पदवीधर.

फॉर्मवर आकडे इंग्रजीत असतात. इंग्रजी पाचाचा सहा करायला एकच रेघ लागते. मी ती ओढली, आणि ‘पुन्हा विचारणे’ खोडलं.

एका फॉर्मने सरासरी हलत नाही, हे मला कुणी समजवायला नको. पण ती रेघ ओढल्यावर मला बाकीच्या फॉर्मांचे कोपरे दिसेनासे झाले. गेल्या महिन्यात मी सगळे चारशे बारा फॉर्म पुन्हा काढले. सदतीस फॉर्मांवर तोच शेरा आहे. सून माहेरी. लिहिणाऱ्या मुली वेगवेगळ्या, अक्षरं वेगळी, शेरा तोच. त्या सदतीस बायकांचा कुठल्याच घरात हिशेब नाही.

मी रविवारी बसने त्यांच्या माहेरी जाते आहे. आतापर्यंत अकरा घरं झाली. हूटगळ्ळीला एक मुलगी सापडली, नव्या घरांच्या बांधकामावर तिचे वडील पहारा करतात, तिथेच पत्र्याच्या खोलीत ती झोपलेली होती. क्षय. सासरच्या फॉर्मवर तिच्या नावाने खर्च शून्य. तलकाडला एका घरात आई दारातली वाळू झाडत होती. मी मुलीचं नाव घेतलं, ती झाडत राहिली. उंबऱ्यापर्यंत झाडून झाल्यावर म्हणाली, ती आषाढात गेली, तुम्ही उशीर केला. आणि मला बसायला पाट दिला.

तुमच्याकडे यायची हिंमत झालेली नाही. बस तुमच्या सोसल्याच्या मठावरून पुढे गेली तेव्हा मी खिडकीकडे पाठ केली.

तुंगा


२१ सप्टेंबर १९९७

वेंकोबाराव,

मी सरांना सांगितलं. एकतीस माहेरांचे कागद आणि दोनशे चौदावा फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला, आणि ती रेघ मी ओढली हे लिहून, सही करून दिलं. सहा माहेरं सापडली नाहीत. सापडलेल्या एकतीसपैकी चौदा आजारी म्हणून धाडलेल्या होत्या. त्यांतल्या पाच गेल्या. वैनी धरून. तिच्यासाठी मला सोसल्याला जावं लागलं नाही, ती मला माहीत होती.

सर वाईट माणूस नाहीत. माझ्या एम.ए.च्या परीक्षेची फी त्यांनी भरली होती. त्यांनी कागद दोनदा वाचले, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग कन्नडात सावकाश समजावलं. नियमाप्रमाणे जमवलेली माहिती वेगळी आणि एका मुलीने रविवारी फिरून जमवलेली वेगळी, दोन्ही एका तक्त्यात बसत नाहीत. तपासणाऱ्यानेच आकडा बदलला हे निधीला कळलं तर चारशे बाराही फॉर्मांवरचा विश्वास उडेल, आणि ज्यांना आज मदत मिळते आहे त्यांचीही बंद होईल. मी विचारलं, मग वाक्य तरी काढता येईल का, पान एकोणीसवरचं. ते म्हणाले, ते तक्त्यातून येतं, तक्ता नियमातून. मग एकदम मराठीत बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांना मराठीत बोलताना ऐकलं नव्हतं, त्यांची आई बोलायची म्हणे.

‘तुझ्या घराने जे केलं ते माझ्या घरानेही केलंय, तुंगा. पण मी ते फॉर्मवर आणलं नाही.’

मला राजीनामा द्यायला सांगितलं आहे. स्वखुशीने, असं त्यात लिहायचं.

अहवालाचा शेवटचा मसुदा मी पाहिला. पान तीनवर तळटीप आहे: एका फॉर्ममध्ये (क्र. २१४) अनियमितता आढळल्याने तो वगळला, एकूण घरे ४११. पान एकोणीस तसंच आहे. मी वैनीला आत आणायला गेले आणि आता आमचं सगळं घरच यादीतून गेलं. अप्पा, आई, अण्णा, मी. तिच्याकडे तर निदान कोपऱ्यात एक शेरा होता.

घरी सांगितलं. अण्णा जेवता जेवता उठला. त्याच्यासाठी मुलगी बघितली आहे, चन्नपट्टणाची, लग्न माघात. तुम्हाला हे दुसरीकडून कळण्यापेक्षा मी सांगते. तो वाईट नाही, वेंकोबाराव, तो फक्त कुणाकडे बघत नाही. आईने ताटं उचलली. मला वाटलं, ती ओरडेल. ती चुलीपाशी बसली आणि म्हणाली, ‘मलाही पाठवलं होतं की. तुझ्या जन्मानंतर दोन वर्षं. मी नाही आले बरी होऊन?’

मी विचारलं, तुझ्यावर खर्च कुणी केला. तिला ते आठवेना. मग म्हणाली, माझ्या भावाने एक बैलजोडी विकली होती, पण ती म्हातारीच होती.

बैलांचं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

तुंगा


९ नोव्हेंबर १९९७

वेंकोबाराव,

दिवाळीनंतरच्या रविवारी मी सोसल्याला तुमच्या घरी गेले होते. हे तुम्हाला आईंनी सांगितलं असेल किंवा नसेल. तुम्ही नरसीपूरला तुमच्या शिवणाच्या दुकानात होतात. मी बसमधून तुम्हाला पाहिलं, तुम्ही मशीनवर वाकला होतात. पूर्वी दुकानात तीन मशिनं होती असं वैनी सांगायची. आता एकच दिसलं. मी उतरले नाही, तशीच पुढे गेले. तुम्ही नसताना जावं, असं मी ठरवूनच केलं.

तुमच्या आईंनी, अंबाबाईंनी, मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं. त्यांनी मला आत घेतलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. ओट्यावर बसले. त्या कुळीथ निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, जावई एकदाच आले, उभ्यानेच पाणी प्यायले. मी म्हटलं, हो. मग त्यांनी विचारलं, ‘फॉर्म आणलास काय?’

मला कळेना. मी संस्थेतून निघाले हे त्यांना कुठून कळणार. मी म्हटलं, आता माझ्याकडे फॉर्म नाही, अम्मा.

‘अय्यो. ती तर म्हणायची, फॉर्म घेऊन येणार.’

त्या उठून आत गेल्या आणि एक पुडकं घेऊन आल्या. तुमच्या दुकानातल्या कापडाच्या काठाने बांधलेलं. ते तुम्ही पेटीत तळाशी ठेवलं होतंत, त्यांनी तुम्हाला न विचारता काढलं. त्यांना बोलू नका. मी मागितलं नव्हतं, पण दिल्यावर घेतलं, तो दोष माझा. पुडकं या पत्राबरोबर रजिस्टर पोस्टाने परत पाठवते आहे.

तुम्ही ते उघडून पाहिलं आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणून आत काय आहे ते लिहिते.

सगळी बिलं आमच्या फॉर्मच्या क्रमाने लावलेली आहेत. आधी डॉक्टर, मग औषधं, मग तपासण्या, मग बसभाडं, मग सोबत आलेल्या माणसाचं जेवण. सोबत आलेल्याचं जेवण कुणीही सांगत नाही, विचारावं लागतं, तो एकविसावा प्रश्न आहे. ती बसच्या तिकिटांच्या मागे तारखा घालायची. शेवटचं तिकीट जानेवारी १९९७चं आहे. माझ्या चारशे बारा फॉर्मांत एकही इतका नीट नाही.

सर्वांत वर कॅलेंडरचं एक पान आहे. मागच्या कोऱ्या बाजूला तिने पेन्सिलने कन्नडात एक ते एकतीस आकडे घातले आहेत आणि प्रत्येकापुढे उत्तर. प्रश्न लिहिलेले नाहीत. प्रश्न तिला पाठ होते. नळाच्या पुढे लिहिलं आहे, ‘नदी आहे.’

वर तारीख आहे, २५ फेब्रुवारी १९९६. आणि बाजूला बारीक अक्षरात: ‘उद्या सहा महिने होतील.’

म्हणजे सीतालक्ष्मी आमच्याकडे येऊन गेली त्याला दहा दिवस झाले होते. मी रेघ ओढली त्याला नऊ. वैनीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त दिवस मोजले, आणि सहा महिने भरायच्या आदल्या दिवशी स्वतःचा फॉर्म स्वतःच भरून ठेवला. पोस्टात टाकला नाही. अंबाबाईंनी विचारलं तर म्हणाली, फॉर्म पोस्टाने पाठवत नसतात, ती माणसं घरी येतात. हे मीच तिला शिकवलं होतं.

पहिला प्रश्न, घरात माणसं किती. तिने पाच लिहिली आहेत. सासरे, सासूबाई, हे, तुंगा, मी. सोसल्याच्या ओट्यावर बसून तिने आमचं घर लिहिलं आहे.

आणि एकतिसावा. उपचार थांबवला असल्यास कारण. त्याच्यापुढे आहे:

‘थांबवलेला नाही. तुंगा येईल तेव्हा सांगेन.’

मी त्याची प्रत हाताने करून ठेवली आहे. आता मला संस्था नाही आणि माझं कुणी छापणारही नाही. पण राहिलेली सहा माहेरं मी शोधते आहे, आणि पुढच्या गल्ल्यांतही विचारणार आहे. सकाळी एका शाळेत शिकवते, दुपारनंतर जाते. मी आता पहिला प्रश्न वेगळा विचारते. घरात माणसं किती, असं नाही. या घरातून कोण गेलं, कुठे गेलं, असं.

सोबत एक फॉर्म आहे, मी घरी रेघा मारून केलेला. त्यावर वैनीची उत्तरं जशीच्या तशी उतरवली आहेत. खाली माहिती देणाऱ्याच्या सहीची जागा आहे. ती तिची होती, आता तुमची आहे. सही करायची की फाडायचं, ते तुम्ही ठरवा. मी पेन्सिलने लिहिलं आहे, म्हणजे तुम्हाला बदलता येईल. पहिल्या प्रश्नात पाच नावं आहेत. त्यांतली कुठलीही खोडा, माझं आधी खोडा. पाचवं तेवढं राहू द्या.

तुंगा